बदलत्या उजेडातला खेळ : मोजणे आणि ठरवणे



मैदानी खेळांचे फोटो कसे काढावेत, हा विषय तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने कशाला घ्यावा, असा प्रश्न काहींच्या मनात असेल. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर असं, की संध्याकाळच्या उजेडात धावणाऱ्या मुलीचा फोटो काढताना जो पेच पडतो, तो मुळात ज्ञानाचा पेच आहे. समोर काहीतरी बदललं एवढं कळतं. पण नक्की काय बदललं? उजेड बदलला, वस्तू बदलली, की आपली पाहण्याची जागा बदलली? हा भेद ज्याला करता येतो त्याचा फोटो जमतो. ज्याला करता येत नाही, त्याच्या हातात कितीही महागाचा कॅमेरा असो, चेहरे काळे येतात.

आणि चेहरे काळे येणं ही किरकोळ गोष्ट नव्हे. तालुक्याच्या शालेय स्पर्धेत खो-खो खेळलेल्या मुलीचा शाळेच्या अंकात किंवा घरच्यांच्या मोबाईलवर बहुधा एकच फोटो राहतो. त्या फोटोत चेहऱ्याच्या जागी डाग असेल आणि "डावीकडून तिसरी, ती मी" असं तिला बोट ठेवून सांगावं लागत असेल, तर आपण तिची नोंद घेतली असं म्हणता यायचं नाही. आजचं सगळं तांत्रिक बोलणं त्या एका चेहऱ्यासाठी आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

खो-खो कशासाठी निवडला

उदाहरण म्हणून आपण खो-खो घेऊ. हा आपला खेळ. त्याचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली बांधले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला त्याची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि पुरुष व महिला अशा दोन्ही गटांत भारत जिंकला. दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे, महाराष्ट्राचेच. पण ती स्पर्धा झाली इंदिरा गांधी इनडोअर स्टेडियममध्ये, मॅटवर, छपराखाली. तिथे दिवे लागले की सामना संपेपर्यंत उजेड तोच. छायाचित्रकाराने एकदा आकडे लावले की काम झालं. आपल्याकडे मालेगावात आणि तालुक्यातल्या शाळांच्या मैदानांवर खेळ मातीत होतो, आभाळाखाली. तिथे दुपारी तीनला लावलेले आकडे साडेपाचला निरुपयोगी ठरतात.

बाहेरच्या देशांत लॅक्रॉस नावाचा खेळ आहे. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा हा खेळ, टोकाला जाळी लावलेल्या काठीने चेंडू झेलायचा आणि फेकायचा. १९०४ आणि १९०८ च्या ऑलिम्पिकमध्ये तो होता आणि २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये परत येतो आहे. उघड्या मैदानावर त्याचे फोटो काढणाऱ्यांना दोन अडचणी येतात : एक म्हणजे शिरस्त्राणाच्या सावलीत बुडालेला चेहरा, आणि दुसरी, ढगांबरोबर क्षणाक्षणाला पालटणारा उजेड. आपल्या क्रिकेटमध्ये टोपीखालचा चेहरा असाच बुडतो. म्हणजे अडचण सार्वत्रिक आहे. पण तिकडचे उपाय जसेच्या तसे इकडे लागू पडत नाहीत, आणि त्याचं पहिलं कारण आपला सूर्य.

मालेगावचा सूर्य

मालेगाव साधारण साडेवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवसांत दुपारी काढलेल्या फोटोत डोळ्यांच्या जागी दोन खड्डे दिसतात, कारण कपाळाची सावली डोळ्यांवर पडते. डिसेंबरात मात्र भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४६ अंशांच्या वर जात नाही. म्हणून आपल्याकडे थंडीतला दुपारचा उजेडसुद्धा चेहऱ्याला मानवतो.

दुसरी गोष्ट घड्याळाची. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची; मालेगाव साडेचौऱ्याहत्तरच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटे धरा, म्हणजे आपला सूर्य घड्याळाच्या सुमारे ३२ मिनिटे मागे चालतो. त्यात ऋतूप्रमाणे थोडा फरक पडतो : नोव्हेंबरच्या सुरुवातीला खरी मध्यान्ह सव्वाबाराला होते, फेब्रुवारीत पाऊण वाजता. स्पर्धेचं वेळापत्रक घड्याळाने लिहिलेलं असतं, उजेडाचं वेळापत्रक सूर्य लिहितो. दोन्ही समोर ठेवून बसावं.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. आपल्या अक्षांशावर सूर्य सरळसोट खाली उतरतो. मावळतीच्या वेळी तो तासाला १३ ते १४ अंशांनी खाली जातो. टोरांटोसारख्या ठिकाणी जून महिन्यात तो तासाला ९ अंशांच्या आसपास, तिरका, रेंगाळत उतरतो. तिकडची पुस्तकं ज्या सोनेरी तासाचं वर्णन करतात, तो आपल्याकडे तासभर टिकत नाही. डिसेंबरात इथे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्याआधी तासभर सावली माणसाच्या उंचीच्या साधारण साडेचार पट असते; पाच फुटी मुलीची सावली बावीस फुटांच्या पुढे जाते. आणि सूर्य बुडाल्यावर वीस-बावीस मिनिटांत मैदानावर चेंडू दिसेनासा होतो.

आकड्यांत सांगायचं तर स्वच्छ दुपारच्या उन्हात जमिनीवर सुमारे एक लाख लक्स उजेड असतो. दाट ढग असले तर दहा-वीस हजार. सूर्य मावळताना सुमारे चारशे. संधिप्रकाश संपताना तीन-चार. आपल्याला डोळ्यांनी एवढा फरक जाणवत नाही, कारण डोळा आपोआप जुळवून घेतो. पाच वाजता आणि पावणेसहाला आपल्याला मैदान जवळपास सारखंच वाटतं. डोळ्याचा हा गुण जगण्याला उपयोगी आहे, मोजण्याला नाही.

तीन आकडे

आता कॅमेऱ्याकडे येऊ. ज्यांना हे ठाऊक आहे त्यांनी दोन मिनिटं सांभाळून घ्यावं.

कॅमेऱ्यात उजेडाचा हिशोब तीन आकड्यांनी होतो. शटर किती वेळ उघडं राहिलं; लेन्सचं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, किती मोठं; आणि सेन्सरची संवेदनक्षमता, म्हणजे आयएसओ, किती. एकाचा उजेड दुप्पट केला की दुसऱ्याचा निम्मा करून हिशोब बरोबर राहतो. या दुप्पट-निम्म्याच्या पायरीला स्टॉप म्हणतात.

फिल्मच्या काळापासूनचा एक साधा नियम आहे : स्वच्छ उन्हात छिद्र एफ १६ ठेवा आणि शटर आयएसओच्या आकड्याइतकं. आयएसओ १०० असेल तर शटर १/१००. आता छिद्र चार पायऱ्या मोठं करून एफ ४ केलं, तर शटर १/१६०० होतं. म्हणजे दुपारच्या उन्हात वेगाची चैन आहे.

वेग किती लागतो? खो-खोत पळती करणारी मुलगी सेकंदाला सहा-सात मीटर धावते असं धरू. शटर १/६० असेल तर तेवढ्या वेळात ती दहा सेंटीमीटर पुढे गेलेली असते, म्हणजे चेहऱ्याचा पुसट पट्टा होतो. १/२५० ला अडीच सेंटीमीटर. १/१००० ला जेमतेम सहा-सात मिलिमीटर, मग डोळे डोळ्यांसारखे दिसतात. म्हणून १/१००० हा आपला मुक्कामाचा आकडा. १/५०० ही शेवटची हद्द.

आता सूर्य मावळायला आला. एक लाखाचे चारशे लक्स झाले, म्हणजे उजेड अडीचशे पटींनी, आठ स्टॉपनी उतरला. एफ ४ आणि १/१००० तसेच ठेवायचे तर आयएसओ सोळा हजारांच्या घरात न्यावा लागतो. फोटोत दाणे येतात. इथे पुष्कळ जण घाबरून आयएसओ कमी करतात आणि शटर मंद करतात. आमचं मत स्पष्ट आहे : दाणेदार चेहरा ओळखू येतो, हललेला चेहरा ओळखू येत नाही. दाणे सोसावेत.

मीटरला काय कळतं

हे आकडे कॅमेरा आपोआप लावतो, मग आपण डोकं का शिणवायचं? कारण कॅमेऱ्यातला मीटर फार भोळा आहे. वस्तूवर किती उजेड पडला हे त्याला कळत नाही. वस्तूवरून परतून किती आला, एवढंच कळतं. आणि समोरचं सगळं जग सरासरीने मध्यम करड्या रंगाचं आहे असं तो गृहीत धरतो.

याचा परिणाम आपल्या मैदानावर बघा. काळी माती चौकटभर आली की मीटरला वाटतं उजेड कमी आहे. तो फोटो उजळवतो आणि चेहरा पांढराफटक पडतो. शुक्रवारी यंत्रमाग बंद असतात, मैदानाच्या कडेला पांढऱ्या कुर्त्यांची रांग असते. ती रांग मागे आली की मीटरला वाटतं उजेड जास्त आहे. तो फोटो अंधारवतो आणि पुढच्या खेळाडूचा चेहरा काळा होतो. खेळाडूने खांबावर झेप घेतली, कॅमेरा तिच्यामागे वर उचलला गेला, मागे आभाळ आलं : पुन्हा काळा. एकाच झेपेचे सहा फोटो काढले तर सहा वेगवेगळ्या छटांचे चेहरे मिळतात. त्या अर्ध्या सेकंदात तिच्या चेहऱ्यावरचा उजेड मात्र तसूभरही बदललेला नसतो. बदलली फक्त पार्श्वभूमी.

आपल्या तर्कशास्त्रात अन्वय-व्यतिरेक म्हणतात तो इथे लावावा. जे असताना परिणाम होतो आणि जे नसताना होत नाही, ते कारण. आभाळ मागे आलं तेव्हा चेहरा काळा झाला. आभाळ गेलं, चेहरा उजळला. सूर्य तर तिथेच होता. म्हणजे दोष उजेडाचा नाही, मोजणाऱ्याचा आहे. उजेड खरोखर बदलला असेल तरच आकडे बदलावेत. केवळ पार्श्वभूमी बदलली असेल तर हात लावू नये.

मग खरा उजेड मोजायचा कसा? तिकडची पुस्तकं सांगतात, मैदानावरच्या हिरव्या गवतावरून मोजा, कारण ते मध्यम छटेचं असतं. आपल्याकडे गवत कुठलं? आपल्याकडे माती आणि फक्कीच्या रेषा. माती फार काळी, फक्की फार पांढरी. अशा वेळी आपला तळहात घ्यावा. खेळाडूवर ज्या दिशेने ऊन पडतंय त्याच दिशेने तळहात धरावा, चौकटभर तो घ्यावा आणि मोजावं. तळहात मध्यम करड्यापेक्षा साधारण एका स्टॉपने उजळ असतो, म्हणून मीटर सांगेल त्यापेक्षा एक स्टॉप जास्त उजेड द्यावा. माणसाचा वर्ण कोणताही असो, तळहातांच्या छटेत फार फरक नसतो. मग कॅमेरा मॅन्युअलवर टाकून ते आकडे कायम ठेवावेत, दर दहा मिनिटांनी पुन्हा तळहात बघावा. शेवटच्या तासात दर पाच मिनिटांनी.

बदलाचे चार प्रकार

उजेड खरोखर बदलतो तेव्हा तो चार तऱ्हांनी बदलतो. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

पहिला, संथ बदल : सूर्य उतरणे. त्यावर उपाय सांगितलाच. छिद्र जेवढं मोठं होईल तेवढं ठेवावं, शटर १/१००० वर धरून ठेवावं आणि आयएसओ हळूहळू चढू द्यावा. १/५०० ची हद्द ओलांडायची वेळ आली की फोटोचा प्रकार बदलावा. धावत्या खेळाडूचा नाद सोडावा आणि पाटीवर बसलेल्या, खो मिळण्याची वाट पाहणाऱ्या चेहऱ्यांकडे वळावं. त्या चेहऱ्यांवर सामन्याचा सगळा ताण असतो, आणि ते हलत नाहीत.

दुसरा, अचानक बदल : ढग. शालेय स्पर्धांच्या दिवसांत, भाद्रपद-आश्विनात, ऊन-सावलीचा खेळ चालतो. ढग आडवा आला की उजेड एक ते तीन स्टॉपनी पडतो, तोही दोन-चार सेकंदांत. इथे तळहात बघायला सवड नसते. शटर आणि छिद्र आपण ठरवावं, आयएसओ कॅमेऱ्यावर सोपवावा, आणि पार्श्वभूमीमुळे मीटर किती फसेल त्याची भरपाई आधीच लावून ठेवावी. पांढरे कपडे मागे असतील तर अधिक एक. काळी माती चौकटभर असेल तर उणे अर्धा किंवा एक. यंत्राला काम द्यावं, पण त्याच्या भोळेपणाचा हिशोब आपण ठेवावा.

तिसरा, जागेचा बदल. शाळेच्या इमारतीची किंवा कडुलिंबाची सावली अर्ध्या मैदानावर आली. खेळाडू एका सेकंदात उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात. दोन्हींत दोन-तीन स्टॉपचा फरक. दोन्हीकडचे फोटो साधू गेलं तर एक ना धड, भाराभर चिंध्या. यावर आमचा सल्ला असा, की एक बाजू निवडावी, तिचे आकडे लावावेत आणि खेळ तिथे येईपर्यंत थांबावं. खो-खोत हे थांबणं फुकट जात नाही. पाठलाग करणाऱ्याला एकदा दिशा घेतली की मागे वळता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही. त्याला खांबापर्यंत तरी जावं लागतं किंवा खो तरी द्यावा लागतो. म्हणजे तो कुठे येणार हे नियमच सांगतात. ज्याला खेळाचे नियम माहीत आहेत त्याला अर्धा उजेड आधीच मिळालेला असतो.

खो-खोत जागेचा आणखी एक बारकावा आहे, तो नीट समजून घ्या. क्रीडांगण २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद. मधल्या पाटीवर आठ खेळाडू बसतात आणि शेजारशेजारच्यांची तोंडं विरुद्ध दिशांना असतात. पाटी उत्तर-दक्षिण असेल तर संध्याकाळी चौघांच्या चेहऱ्यावर ऊन असतं आणि चौघांचे चेहरे स्वतःच्याच सावलीत असतात. एका संघाला एकाच क्षणी दोन उजेड! पश्चिमेच्या रेषेवर बसलात तर उन्हातले चार चेहरे मिळतील, बाकी चौघांच्या पाठी. पूर्वेला बसलात तर सावलीतले चार चेहरे मिळतील, केसांना आणि खांद्यांना सोनेरी कड असेल, पण चेहऱ्याचे आकडे लावले तर मागचं आभाळ पांढरं होईल. होऊ द्यावं. एका डावात एक बाजू धरावी, दुसऱ्या डावात दुसरी. म्हणजे कुणीच सुटत नाही. पाटी पूर्व-पश्चिम असेल तर पश्चिमेच्या खांबामागे बसावं. तिकडे झेप घेणाऱ्याच्या तोंडावर पूर्ण ऊन असतं.

चौथा बदल, दिव्यांचा. सामना लांबला आणि दिवे लागले की नवीनच त्रास सुरू होतो. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, त्यामुळे पुष्कळसे दिवे सेकंदाला शंभरदा उजळतात आणि मंदावतात. डोळ्याला कळत नाही, पण १/१००० च्या शटरला कळतं : एक फोटो उजळ, पुढचा अंधारा, रंगही वेगळे. पुष्कळ कॅमेऱ्यांत हे टाळण्याची सोय असते, ती चालू करावी. नसेल तर शटर १/१०० वर आणावं आणि खेळाडू क्षणभर थबकतो ते क्षण टिपावेत.

ठरवणे

इथवर मोजण्याबद्दल बोललो. आता ठरवण्याबद्दल.

१८७८ साली कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे एडवर्ड मायब्रिजने धावत्या घोड्याचे फोटो काढले. चारही पाय एका वेळी जमिनीवरून सुटतात का, हा त्याचा प्रश्न होता. सुटतात, हे त्याने दाखवलं. पण त्यासाठी त्याने मागे पांढरं कापड लावलं, धावपट्टीवर चुना पसरला, लख्ख ऊन निवडलं. म्हणजे आधी उजेड बांधून घेतला, मग घोडा सोडला. तेव्हा त्याला पाय दिसायला हवे होते. घोडा आणि स्वार काळी आकृती झाले तरी त्याचं काही बिघडत नव्हतं.

आपल्या गावात सिनेमा करणाऱ्यांनीही उजेडाशी पुष्कळ झटापट केली. 'मालेगाव के शोले' करणारे नासिर शेख आणि त्यांचे साथीदार तुटपुंज्या साधनांवर काम करत. फैझा अहमद खान यांच्या २००८ च्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात ते जगाने पाहिलं. पण सिनेमात नट उन्हाकडे वळवता येतो, प्रसंग पुन्हा घेता येतो. खेळात खो एकदाच मिळतो. तिथे उजेड बांधता येत नाही आणि खेळाडूला वळवता येत नाही. उरतं ते एकच : काय दिसलं पाहिजे हे आधी ठरवणं.

हे ठरवणं कुणीतरी नेहमीच करत असतं, बरं का. आपण केलं नाही तर यंत्र बनवणाऱ्याने केलेलं असतं. विसाव्या शतकाच्या मध्यापासून कोडॅककडून छपाईच्या प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी एक कार्ड जाई. त्यावर गोऱ्या स्त्रीचा फोटो असे. त्याला शर्ली कार्ड म्हणत. तिची त्वचा बरोबर छापली गेली की फोटो बरोबर, असं माप. सावळ्या माणसाचे बारकावे त्या मापात हरवत. आजचे कॅमेरे पुष्कळ सुधारले आहेत. तरीही उन्हाकडे पाठ करून उभी असलेली सावळी मुलगी आणि मागे पांढरं आभाळ, एवढी सामग्री जमली की आपोआप चालणारा कॅमेरा अजूनही आभाळ वाचवतो आणि मुलगी घालवतो. आभाळ उद्याही आहे.

आपल्याकडे अंधारावर जुना वाद आहे. कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक म्हणत, अंधार हे द्रव्य आहे : तो काळा दिसतो, सरकताना दिसतो. न्याय-वैशेषिकांनी उत्तर दिलं, की अंधार म्हणजे प्रकाशाचा अभाव, स्वतंत्र वस्तू नव्हे. छायाचित्रात काळा आलेला चेहरा पाहताना आपण सगळे नकळत मीमांसक होतो. तो काळेपणा त्या मुलीचाच गुण आहे असं धरून चालतो. नैयायिकाने विचारलं असतं : काळेपणा तिच्यात आहे, की आपण तिच्यापर्यंत पुरेसा प्रकाश पोचू दिला नाही? मराठीत या कलेला 'छायाचित्रण' म्हणतात आणि 'प्रकाशचित्रण'ही. दोन्ही शब्द ठेवावेत. छाया आकार दाखवते, ओळख प्रकाशाने पटते.

प्रश्नोत्तरे

प्रश्न : कॅमेरा नाही, मोबाईलच आहे. मग हे सगळं कसं करायचं?

मोबाईलवर पुष्कळ होतं. पडद्यावर खेळाडूच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरा. बहुतेक फोनमध्ये उजेड आणि फोकस तिथेच कुलूपबंद होतात. मग मागे आभाळ येवो की माती, चेहरा बदलत नाही. बोट वरखाली सरकवून उजेड थोडा कमी-जास्तही करता येतो. कुलूप लावल्यावर ढग आला तर मात्र पुन्हा लावा. अंधार पडू लागला की फोन अनेक फोटो एकत्र जोडून एक बनवतो, त्यात धावणाऱ्याचे हातपाय पुसट होतात. तेव्हा बसलेले, थांबलेले खेळाडू घ्या. आणि झूम न करता जवळ जा. फक्कीच्या रेषेच्या बाहेर राहून, अर्थात.

प्रश्न : नंतर संगणकावर चेहरा उजळवला तर ते खोटं नाही का?

चांगला प्रश्न आहे. मैदानावर उभ्या असलेल्या माणसाला तो चेहरा दिसत होता. डोळ्याची झेप कॅमेऱ्यापेक्षा मोठी असते; उन्हातलं आभाळ आणि सावलीतला चेहरा डोळा एकाच वेळी सांभाळतो. तेव्हा सावली थोडी उजळवली तर फोटो साक्षीदाराच्या जवळ जातो, दूर नाही. पण चेंडू सरकवला, खेळाडू पुसला, गर्दी वाढवली, तर ती साक्ष उरत नाही. बातमीच्या छायाचित्रांच्या मोठ्या स्पर्धांतही हीच रेषा आखलेली असते. एक तांत्रिक सूचना : सावलीतून थोडंफार परत काढता येतं, पण पूर्ण पांढरं पडलेलं परत येत नाही. म्हणून चेहऱ्यावर थेट ऊन असेल तर कपाळ आणि नाकाचा शेंडा पांढरा पडत नाही ना, एवढं जागेवरच बघा. शक्य असेल तर रॉ स्वरूपात साठवा.

प्रश्न : मुलींचे फोटो काढायला पालक कधी कधी नको म्हणतात. मग?

मग काढू नयेत. शिक्षकांना आणि पालकांना आधी विचारावं, फोटो कुठे छापला जाणार ते सांगावं, आणि काढल्यावर दाखवावा. आमचा अनुभव असा, की नकारामागे बहुतेकदा "फोटो कुठे जाईल" ही काळजी असते, आणि ती रास्त असते. जिने होकार दिला तिचा चेहरा मात्र नीट आला पाहिजे. होकार घ्यायचा आणि डाग छापायचा, असं होता कामा नये.

वेळ झाली. ज्यांच्याकडे उद्या सामना आहे त्यांनी सूर्यास्ताची वेळ आजच बघून ठेवावी.